भावाच्या नावाने फंड काढतोयस, पण भावजयीला विचारलंस का?

पत्र :

काकू नमस्कार, तुमचं सदर नेहमी वाचतो पण लिहितोय पहिल्यांदाच. आम्ही मखमलाबादचे. माझा धाकटा भाऊ ठेकेदाराकडे कंत्राटी लाइनमन होता. मागच्या वर्षी मे मध्ये अवकाळी झाला त्या संध्याकाळी निफाडच्या बाजूला तुटलेली तार जोडायला पोलवर चढला आणि शॉक लागून गेला, वय २८. परमिट (लाइन बंद ठेवल्याची परवानगी) घेतलेलं होतं, पण त्या पोलवर दोन फीडर (सबस्टेशनवरून येणाऱ्या वेगवेगळ्या लाइन) होते आणि परमिट एकाचंच होतं असं त्याचा जोडीदार सांगतो. मागे बायको आणि चार वर्षांची मुलगी आहे. त्याच्या मित्रांनी ग्रुप काढून वर्गणी केली, ३ लाख ८० हजार जमलेत, सगळे माझ्या खात्यात. त्याच्या नावाने स्कॉलरशिप चालू करायची, दरवर्षी आयटीआयच्या इलेक्ट्रिकल ट्रेडमधल्या पहिल्या तीन नंबरांना द्यायची असं चाललंय. ट्रस्ट नोंदवावा का? ठेकेदार म्हणतो मी एक लाख टाकतो पण फलकावर फर्मचं नाव हवं. मावसभाऊ अमेरिकेत आहे तो डॉलर पाठवतो म्हणतो. काही मित्र म्हणतात सरळ हॅन्डग्लोव्हज वाटू. आई म्हणते कसली स्कॉलरशिप, अन्नदान करा. भावजय काहीच बोलत नाही. वर्षश्राद्ध दीड महिन्यावर आलंय, त्या दिवशी जाहीर करायचंय. काय करू?

उत्तर :

तू काकू म्हटलंस म्हणून मीही अरे-तुरे करते, राग मानू नकोस. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा मधेच ठेवून दिलं, कारण आमचे हे पण लाइनवरच होते, तीस वर्षं, आधी दिंडोरी मग निफाड मग सिन्नर, आणि त्या तीस वर्षांत मे-जूनला आभाळ काळं झालं की माझं निम्मं लक्ष फोनकडे. सगळं नाशिक गारवा आला म्हणून गंगापूर रोडला भजी खायला निघायचं तेव्हा आमच्याकडे यांचं ताट झाकून ठेवलेलं असायचं. दुसरं म्हणजे मी स्वतः बावीस वर्षं एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात हिशोब बघितले, लोकांनी आईबापाच्या नावाने ठेवलेल्या पारितोषिकांच्या पावत्या माझ्याच कपाटात असायच्या. म्हणजे तुझ्या पत्रातल्या दोन्ही गोष्टी मी थोड्या जवळून बघितल्यात, पोल पण आणि फंड पण.

सगळ्यात आधी भावजय. तू तिच्यावर एक ओळ लिहिलीस, ती पण शेवटी. ती बोलत नाही म्हणजे तिला चालतंय असं धरून चालू नकोस. एक तर तिच्या नवऱ्याचं नाव, त्याचा फोटो, आणि दुसरं, ३ लाख ८० हजार जमलेत हे तिला माहीत आहे आणि घरात मुलीच्या बालवाडीची फी कुठून भरायची हेही तिलाच माहीत आहे. ती तोंडाने मागणार नाही. तेव्हा तिचं हक्काचं काय झालं ते आधी मला सांग. नुकसानभरपाईचा दावा केला का? पीएफ कापला जात होता का, असेल तर त्यातलं विमा संरक्षण, ईएसआयसी म्हणजे कामगार विमा होता का, त्याची पेन्शन, या सगळ्याचे कागद कोणाकडे आहेत? १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे आणि त्यातलं जवळपास एक वर्ष गेलं. ठेकेदाराने हात वर केले तरी ज्याचं काम चाललं होतं त्या मूळ मालकाकडे मागता येतं, तो रस्ता कायद्यातच आहे. मध्ये नोव्हेंबर २०२५ मध्ये नवीन कामगार संहिता लागू झाल्यात, पण अपघात कधीचा त्यावर कुठला कायदा लागतो ते वकील बघेल. वकिलाला पैसे नाहीत म्हणू नको, जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे बाईमाणसाला उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो, फक्त अर्ज तिच्या नावाने तिनेच करायचा. विद्युत निरीक्षकांचा चौकशी अहवाल झाला असेल त्याची प्रतही मागून घ्या, दोन फीडरची गोष्ट कागदावर आहे की नुसती जोडीदाराच्या तोंडी, ह्याने फार फरक पडतो.

आणि भरपाईचा एक रुपयाही फंडात जाता कामा नये. असं होतं, मी पाहिलंय, दिराने भावाच्या नावाने वाचनालय काढलं आणि भावजय शिलाई मशीन चालवत बसली. तू तसा नाहीस ते पत्रावरून कळतंय, पण जमा करताना सगळेच चांगले असतात.

आता ते तुझ्या खात्यात आलेले पैसे. हे आज रात्री निस्तरायचं काम आहे. नातेवाईक सोडून बाकीच्यांकडून वर्षात ५० हजारांच्या वर पैसे आले तर आयकराच्या नियमात ती सगळी रक्कम तुझं उत्पन्न धरली जाऊ शकते, म्हणजे मित्रांनी भावासाठी दिले आणि नोटीस तुला. एक वही कर, कोणी किती कधी दिले, स्क्रीनशॉट जपून ठेव, आणि सीएला एकदा भेटून ये. शिवाय नोंदणी नसताना लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांना कळवावं लागतं, गणपती मंडळवाले दरवर्षी ती कलम ४१ क ची परवानगी काढतात ना, तोच प्रकार. तुम्ही न कळवता जमवलेत, चोरी नाही केली, पण इथून पुढे वर्गणी बंद म्हणून ग्रुपवर टाक.

पहिल्या तीन नंबरांचं मात्र मला मुळीच पटलेलं नाही. माझ्या कपाटातली गोष्ट सांगते. कोणीतरी १९९० च्या आसपास वडिलांच्या स्मरणार्थ पाच हजार ठेवलेले, तेव्हा बँकेत दहा-अकरा टक्के मिळायचे म्हणजे वर्षाला पाचशे, आणि पाचशेत तेव्हा पोराची वर्षाची पुस्तकं यायची. तीच ठेव मी रिटायर होताना सहा-साडेसहा टक्क्यावर होती, म्हणजे तीनशे पंचवीस रुपये. त्यात एक सर्टिफिकेट छापून फ्रेम केली की संपलं. दरवर्षी स्नेहसंमेलनाला नाव पुकारायचे, पोरगं स्टेजवर यायचं, पाकीट घ्यायचं, आणि ज्याच्या स्मरणार्थ होतं तो माणूस कोण हे ना पोराला माहीत ना पुकारणाऱ्या सरांना. अशा चाळीस-पंचेचाळीस पावत्या होत्या. मला त्या कपाटाची किल्ली लावताना दरवेळी कसंतरी व्हायचं. म्हणून माझं मत विचारशील तर कायमचा फंड करूच नकोस, पाच वर्षांत खर्च करून संपवायचा असं आधीच ठरवून टाक. तुमची ३ लाख ८० हजारांची ठेव ठेवली तर व्याज वर्षाला पंचवीस हजाराच्या आतबाहेर, त्यात काही उभं राहत नाही. पण मुद्दलासकट पाच वर्षांत खर्च केले तर वर्षाला पाऊण लाख हातात येतो, आणि पाऊण लाखात नीट काम होतं. पाच वर्षांनी लोकांना वाटलं तर परत जमवतील, नाही वाटलं तर नाही.

शिवाय पहिला नंबर येणारा पोरगा पुढे बहुतेक कुठल्या तरी कंपनीत मेंटेनन्सला लागतो, सातपूर-अंबडला, एसीच्या पॅनल रूममध्ये. पावसात पोलवर कोण चढतं? हेल्पर म्हणून लागलेला, दहावी नापास, ज्याला कोणीतरी दोन वर्षांत बघून बघून शिकवलं तो. तुझा भाऊ आयटीआय झालेला होता का ते तू लिहिलं नाहीस, पण झालेला असला तरी त्याच्या जोडीला कोण कोण होतं ते आठव. फंड त्यांचा आहे.

आता ग्लोव्हजचं. वाटू नका. आश्चर्य वाटेल तुला, लाइनमनची बायको असून असं बोलते. ऐक. हे सकाळी चहा उकळेपर्यंत ओट्याशी उभे राहून ग्लोव्हजचं मनगट गुंडाळत गुंडाळत बोटांपर्यंत आणायचे, आत हवा कोंडली की पाचही बोटं गाईच्या सडासारखी फुगायची, मग एकेक बोट गालापाशी धरायचे. टाचणीएवढं भोक असलं तरी गालाला गार हवा लागते, कानाला ऐकू येत नाही डोळ्याला दिसत नाही पण गालाला कळतं. पोरं हसायची, बाबा ग्लोव्हजचा पापा घेतात म्हणून. हे त्यांना कोणी लेखी शिकवलं नव्हतं, एका जुन्या लाइनमनने शिकवलेलं. तर ग्लोव्हज असणं आणि ते चांगले असणं यात हा एवढा फरक आहे. ४४० व्होल्टच्या लाइनचे वेगळे, ११ केव्हीचे म्हणजे ११ हजार व्होल्टचे वेगळे, त्यावर आयएस ४७७० वगैरे मार्क आणि व्होल्टेज छापलेलं असतं, ठराविक महिन्यांनी टेस्ट करून घ्यायचे असतात, उन्हात गाडीच्या हँडलला लटकवले किंवा घडी घालून डिकीत कोंबले की रबर मरतं. तुम्ही मित्रमंडळी हार्डवेअरच्या दुकानातून जाड दिसतात म्हणून पन्नास जोड आणून फोटो काढून वाटाल आणि त्यातल्या एकाने त्यावर भरवसा ठेवून ११ केव्हीला हात लावला तर? तेव्हा ठेकेदार काय म्हणेल ते पण सांगते, ग्लोव्हज फंडाने दिले होते म्हणेल. ग्लोव्हज, बेल्ट, हेल्मेट, डिस्चार्ज रॉड (बंद केलेली तार जमिनीला जोडायचा दांडा) हे देणं काम करून घेणाऱ्याचं काम आहे, नियमात आहे, त्याची जबाबदारी तुम्ही आपल्या वर्गणीतून उचलून त्याला मोकळं करू नका. फंडाने पोरांना ग्लोव्हज तपासायला शिकवावं आणि चांगले मिळाले नाहीत तर मागायला शिकवावं.

मग पैसे कशाला? माझं उत्तर एका शब्दात आहे, हजेरीला. कंत्राटी पोरगं ट्रेनिंगला का जात नाही माहितीये? त्या दिवसाची हजेरी बुडते. आमच्या गल्लीत दोघं आहेत, त्यांना विचारलं की अरे सेफ्टीचं शिबिर होतं म्हणे, गेला नाहीत का, तर म्हणे काकू सहाशे-सातशे बुडतात आणि वर मुकादम म्हणतो ट्रेनिंगलाच जा मग, कामाला येऊ नको. कागदावर ट्रेनिंग झालेलं असतं, सह्या असतात, पोरगं पोलवर असतं. म्हणून स्कॉलरशिप म्हणजे पोरांची बुडालेली हजेरी भरून देणं. वीस पोरं, वर्षाला दोन दिवस, एक मे मध्ये पावसाच्या आधी आणि एक दिवाळीनंतर, दिवसाला सातशे धरले तर २८ हजार झाले. जेवण-चहा सहा हजार, शिकवणाऱ्याला मानधन सहा हजार, साहित्य आणि कागद पाच हजार. पंचेचाळीस झाले. उरलेल्या तीस हजारात आयटीआयच्या दोन पोरांना पंधरा-पंधरा हजार, फी नाही, टूलकिट आणि येण्याजाण्याचा खर्च. तारतंत्री म्हणजे वायरमन ट्रेडला आठवी पासवर प्रवेश मिळतो हे कित्येक हेल्पर पोरांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं दहावी गेली म्हणजे संपलं. त्यातलं एखादं पोरगं काम सोडून दोन वर्षं शिकायला बसलं तर त्याच्या घरी दोन वर्षं काय, हा प्रश्न पंधरा हजाराने सुटत नाही हे मलाही कळतं, पण निदान बसचा पास आणि पक्कड त्याच्या बापाला घ्यावी लागणार नाही. मुलींनाही धरा हं यात, आता त्या पण चढतात पोलवर.

दोन दिवसांत शिकवायचं काय, तर तुझ्या भावाचा पोल. फळ्यावर तोच पोल काढायचा, वर कुठला फीडर खाली कुठला, डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर कुठे, एबी स्विच म्हणजे लाइन तोडायचा पोलवरचा स्विच कुठे, परमिट कशाचं मागितलं होतं, आणि पोरांना विचारायचं की आता तू काय करशील. शेतीचा फीडर आणि गावठाणचा फीडर एकाच पोलवरून नेलेले आपल्याकडे कितीतरी ठिकाणी आहेत, दिंडोरी-निफाडला तर द्राक्षाच्या बागांमधून नुसतं जाळं आहे, आणि संध्याकाळी गार वाऱ्यात चिखलात उभं राहून वर बघितलं तर कुठली तार कुठली ते दिवसा कळणाऱ्याला पण कळत नाही. दोन फीडर असतील तर दोन्हीचं परमिट. मग टेस्टरने तार मेली आहे का ते बघणं. मग डिस्चार्ज रॉड लावून तिन्ही फेजच्या तारा जमिनीला जोडणं म्हणजे अर्थिंग, तेही जिथे काम करतोय त्याच्या दोन्ही बाजूंना, कारण करंट कुठल्या बाजूने येईल ते आपण ठरवत नाही.

ह्या दोन्ही बाजूंवरून आठवलं. साधारण पंचवीस वर्षांपूर्वी दिंडोरीकडे वादळात लाइन गेली, सबस्टेशनवरून बंद केली, ह्यांनी स्वतः फोन करून खात्री केली, एबी स्विच उघडलं. सगळं नियमाप्रमाणे. तरी सवयीने रॉड लावायला गेले तर फाडकन ठिणगी. काय निघालं, तर खालच्या गावात लग्न होतं, मंडपवाल्याने जनरेटर थेट मीटरच्या मागे जोडून दिला होता, मेन स्विच पाडलाच नाही. जनरेटरचे ४४० व्होल्ट ट्रान्सफॉर्मरमधून उलटे गेले की वर ११ हजार होतात, ज्याने जोडला त्याला हे ठाऊकही नव्हतं, तो बिचारा वरातीत नाचत होता. हे त्या दिवशी घरी येऊन काही बोलले नाहीत. रात्री उशिरा फक्त म्हणाले, रॉड धुऊन ठेवायला हवा. रॉड कोण धुतं रे? तर आता घराघरात इन्व्हर्टर आहेत, सोलर आहेत, जनरेटर तर हॉटेलपासून पोल्ट्रीपर्यंत सगळीकडे, म्हणजे बंद केलेली लाइन बंद आहे असं समजायचे दिवस गेले.

आणि शिबिरात शिकवायचं दुसरं म्हणजे सीपीआर, छाती दाबून माणूस जगवणं. शॉक लागलेल्याला आधी हात लावायचा नाही, आधी सप्लाय तोडायचा, मग १०८ ला फोन आणि श्वास नसेल तर लगेच छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही. शॉकने हृदय नुसतं थरथरत राहतं आणि पुढच्या चार-पाच मिनिटांत काय करता त्यावर सगळं. हे पुतळ्यावर करून बघितल्याशिवाय येत नाही, वाचून तर नाहीच, दाबताना हात दुखायला लागतात, माणसं दोन मिनिटांत दमतात, म्हणून आळीपाळीने करायचं हेही तेव्हाच कळतं. एखाद्या डॉक्टरांना विचार, पुतळा उसना मिळतो.

फळ्यावर भावाचा पोल काढायचा म्हटलं खरं, पण त्याआधी भावजयीची परवानगी, आणि दावा कोर्टात असेल तर वकिलाला विचारून. दाव्याला नुकसान होणार असेल तर नाव-गाव न घेता नुसता पोल काढा.

ट्रस्ट नोंदवू नकोस. नाशिकलाच धर्मादाय सहआयुक्तांचं ऑफिस आहे, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खाली नोंदणी होते, ते कठीण नाही, कठीण पुढचं आहे. दरवर्षी ऑडिट, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, आयकराची वेगळी नोंदणी, आणि पाच वर्षांनी ग्रुपमधले निम्मे मित्र पुण्याला गेलेले असतात आणि सह्यांसाठी तू एकटा पळत असतोस. ८०जी साठी, म्हणजे देणगी देणाऱ्याला आयकरात सूट मिळावी म्हणून, ट्रस्ट हवा असं कोणी म्हणत असेल तर नवीन टॅक्स रिजीममध्ये ती सूट मिळतच नाही, रोख दोन हजारांवर मिळत नाही, आणि पाचशे-हजार देणाऱ्या पोरांना तशीही त्याची गरज नाही. त्यापेक्षा आधीच नोंदणी असलेली, शिक्षण किंवा कामगारांसाठी काम करणारी, हिशोब चोख असलेली एखादी संस्था बघ आणि तिला हे पैसे पत्र देऊन दे. पत्रात स्पष्ट लिहायचं की ही कायम ठेव नाही, पाच वर्षांत ह्याच कामावर खर्च करायची आहे, दरवर्षी हिशोब कुटुंबाला द्यायचा, आणि निवड समितीत एक सही भावजयीची. संस्थेची ऑडिट रिपोर्टची कॉपी आधी बघ, लाजू नको, मी त्याच टेबलावर बसायचे, विचारणाऱ्याचं आम्हाला बरंच वाटायचं. जागेसाठी सातपूरच्या सरकारी आयटीआयच्या प्राचार्यांना भेटून ये, सुट्टीच्या दिवशी वर्कशॉप मिळालं तर सोन्याहून पिवळं.

ठेकेदाराचा लाख घ्यायचा नाही. हे मी जरा जोरातच सांगते. दाव्याचं काही झालेलं नसताना तो फलकावर नाव मागतोय, उद्या तोच फलक दाखवून म्हणेल कुटुंबाचं काही म्हणणं नाही. त्याला चांगल्या शब्दांत सांग, पैसे नकोत, तुमच्याकडची पोरं दोन दिवस भरपगारी सोडा आणि तसं लेटरहेडवर लिहून द्या. दिलं तर हजेरीचे पैसे वाचले आणि अजून दहा पोरं बसतील. नाही दिलं तर तुला माणूस कळला. सिंहस्थ २०२७ चा तोंडावर आलाय, तपोवनात साधुग्राम उभं राहणार म्हणजे तात्पुरते पोल तात्पुरत्या तारा आणि त्या ओढायला हीच कंत्राटी पोरं, त्याला माणसं लागणारच आहेत, तेव्हा सोडेलही.

मावसभावाचा पासपोर्ट भारतीय असेल तर तो स्वतःच्या बचतीतून इथल्या बँकेमार्फत देऊ शकतो, पण अमेरिकन नागरिक झाला असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी, ते परदेशी देणगी धरतात आणि त्याला एफसीआरए म्हणजे परदेशी देणगी कायद्याची नोंदणी लागते, जी तुझ्याकडे नाही आणि बहुतेक त्या संस्थेकडेही नसेल. त्याला म्हण डिसेंबरमध्ये येशील तेव्हा भेटू.

आईचं अन्नदान मला फार आवडलं. पहिल्या शिबिराचं जेवण तिच्याकडे दे. वीस पोरं, सगळी तिच्या लेकाच्या वयाची, तिला काय वाढायचं ते वाढू दे, सहा हजाराच्या वर खर्च झाला तर तुझ्या खिशातून घाल. वर्षश्राद्धाला जाहीर वगैरे काही करू नकोस, फलक नको, पाहुणे नकोत, आमदार तर नकोतच. शिबिर झालं की आपोआप कळतं लोकांना.

आज रात्री ग्रुपवर हिशोब टाक, एकूण जमा किती, वर्गणी बंद, आणि कोणाला पैसे परत हवे असतील तर मिळतील असंही लिही. कोणी मागणार नाही पण लिही. आणि भावजयीशी बोलायला तू किंवा आई जाऊ नका, ती तुमच्यासमोर बरं म्हणेल आणि उठून आत जाईल. तुझ्या बायकोला पाठव. दोघी मेथी निवडत बसल्या की विषय निघेल, आणि ती पैसे मुलीच्या नावाने ठेवा म्हणाली तर ते ऐकायची तयारी ठेवून पाठव, मग वरचं सगळं बाजूला ठेवायचं आणि ग्रुपवर तसं विचारायचं. मला कळव काय म्हणाली ते.